येतं, पण जमत नाही

मॅडम, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन होऊन दोन वर्षं झाली. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलींचं शिक्षण. माझे आईवडील अजूनही कोयत्यावर जातात. थोरल्या बहिणीची शाळा आठवीत सुटली ती त्यापायीच. मला आजीपाशी ठेवलं, म्हणून मी शिकले.

मानव विकासावर काम करणाऱ्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, अमर्त्य सेन तिचे पहिले अध्यक्ष होते, असं एका कार्यशाळेत कळलं. तेव्हापासून सदस्य व्हावं असं फार वाटतंय. गाईड सर म्हणतात, आधी प्रबंध संपवा, बाकीचं नंतर. भाऊ म्हणतो, तासिकांचे पैसे सहा-सहा महिने हातात पडत नाहीत, त्यात ही वर्गणी कशाला? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. आणि खरं सांगू? तिथं सगळी मोठमोठ्या विद्यापीठांतली माणसं. त्यांच्यापुढं मी माझ्या आईच्या कोयत्याचं काय सांगू? सांगितलंच, तर ते त्याला संशोधन म्हणतील की रडगाणं? यातून मला नक्की काय मिळेल?

– एक संशोधक, बीड जिल्हा

*

ताई,

सदस्य व्हा. यंदाच व्हा.

तुमच्या प्रश्नांपैकी शेवटचा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

२००८ च्या सप्टेंबरात या संघटनेची वार्षिक परिषद नवी दिल्लीत भरली होती. परदेशी जाणं मला परवडणारं नव्हतं, दिल्ली परवडली. परभणी जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळागळतीवर मी निबंध वाचला. पाच वर्षांची पटनोंदणी, इयत्तावार तक्ते, सगळं नीटनेटकं. निबंध संपल्यावर पेरूमधल्या डोंगराळ भागातल्या शाळांवर काम करणारी एक बाई उठली आणि तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या पटावरची मुलगी जूनमध्ये जिथं असते, तिथंच जानेवारीत असते का?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माझ्या तक्त्यात कुठंच नव्हतं. दसरा झाला की गावं रिकामी होतात, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच कुणी विचारत नाही. मला ना माझ्या गाईडनी विचारलं, ना परीक्षकांनी, ना मी स्वतःला.

परत आल्यावर मी एका वस्तीशाळेत गेले. गुरुजींनी हजेरीपट काढून दाखवला. नावांच्या अलीकडं पेन्सिलीनं बारीक 'ऊ' लिहिलेला होता. जवळजवळ निम्म्या नावांना. ऊ म्हणजे ऊसतोडीला गेलेली. पेन्सिलीनं का, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "तपासणी आली की खोडायला बरं पडतं." माझं पुढचं सगळं काम त्या पेन्सिलीच्या खुणेतून निघालं, आणि ती खूण मला पेरूच्या बाईमुळं दिसली. सदस्य होऊन काय मिळतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. दूरच्या माणसाला आपल्या गावातलं काहीच माहीत नसतं, त्यामुळं तो नेमकं तेच विचारतो जे आपण गृहीत धरून बसलेलो असतो.

आता संघटनेविषयी थोडं. तिचं नाव ह्यूमन डेव्हलपमेंट अँड केपेबिलिटी असोसिएशन. इटलीतल्या पाविया गावात २००४ मध्ये ती स्थापन झाली. सेन पहिले अध्यक्ष, त्यांच्यानंतर अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम. दर वर्षी वेगळ्या देशात परिषद होते. लिमा, अम्मान, जकार्ता, केपटाऊन असं करत ती २०२४ मध्ये आपल्या कोलकात्यातही आली होती. संघटनेचं स्वतःचं नियतकालिक आहे. शिक्षण, बालक आणि युवक, आरोग्य आणि अपंगत्व, लोकसहभागाच्या संशोधनपद्धती असे विषयांचे अभ्यासगट आहेत. तुमच्यासाठी परिषदेपेक्षाही हे गट जास्त कामाचे. परिषद तीन-चार दिवसांत उरकते, गटातली माणसं वर्षभर पत्राला उत्तर देतात. एक गोष्ट मला विशेष आवडते. विबके कुकलिस नावाची याच विषयावर काम करणारी एक तरुण संशोधिका अकाली गेली. तिच्या नावानं विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या उत्तम निबंधाला पारितोषिक दिलं जातं. म्हणजे विद्यार्थ्याला तिथं मागच्या बाकावर बसवत नाहीत.

मानव विकास हा विचार आपल्याकडं परका नाही, हेही गाईड सरांच्या कानावर घाला. मराठवाड्यात विकासाची भाषा म्हणजे अनुशेषाची, इतर भागांच्या मानानं आपलं किती मागं राहिलं ते मोजण्याची भाषा. १९८४ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल आला आणि तेव्हापासून आपण रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, पंपांच्या विजेचा अनुशेष मोजत आलो. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं ते त्यासाठीच. त्या मागण्या खऱ्या होत्या आणि आजही आहेत. पण रस्ता झाल्यावर त्या रस्त्यावरून कोण कुठं जाऊ शकतं, हा प्रश्न अनुशेषाच्या हिशोबात बसत नाही. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला तेव्हा त्यांनी हाच प्रश्न मध्यभागी आणला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण धरून निर्देशांक तयार झाला. पुढं २००२ आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राचे स्वतःचे मानव विकास अहवाल निघाले आणि आपले बरेच जिल्हे राज्याच्या सरासरीखाली आहेत हे आकड्यात दिसलं. तुम्ही ज्या विषयावर प्रबंध लिहिताय, त्याची मुळं या परंपरेत आहेत. ही परंपरा घडवणाऱ्या माणसांशी बोलणं म्हणजे प्रबंध बाजूला ठेवणं नव्हे, ते प्रबंधाचंच काम आहे.

आणि हे लोक केवळ सिद्धान्त मांडून थांबत नाहीत. ऑक्सफर्डमध्ये सबीना अल्काइर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुआयामी दारिद्र्य, म्हणजे केवळ पैशाची नव्हे तर आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांचीही वानवा, मोजायची पद्धत तयार केली, २०१० पासून ती मानव विकास अहवालात आली. २०२१ मध्ये आपल्या नीति आयोगानं तिच्याच आधारावर, आपल्याकडचे बारा निकष धरून, भारताचा निर्देशांक काढला. त्यातला एक निकष आहे मुलांची शाळेतली उपस्थिती. हे सारं मोजलं जातं घरोघरच्या पाहणीतून. आता तुम्ही सांगा, पाहणीवाला डिसेंबरात धारूर-वडवणीकडच्या वाडीवर आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर त्या घरातली मुलगी कुठल्या रकान्यात जाईल? हा प्रश्न विचारण्याचा तुमच्याइतका हक्क फार थोड्या लोकांना आहे. तो बीडमधल्या चर्चासत्रात विचारलात तर टाळ्या मिळतील. ज्यांनी ती पद्धत बनवली त्यांच्यासमोर विचारलात तर कदाचित पद्धत बदलेल.

तुमचा विषय फार स्थानिक आहे, अशी भीती तुमच्या पत्रातून डोकावते. ऊसतोड स्थानिक नाही हो. ब्राझीलमध्ये हंगामी ऊसतोड मजूर आहेत, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हैतीहून आलेली माणसं ऊस तोडत आली आहेत. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उन्हात ऊस तोडणाऱ्या धडधाकट पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा तिथल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी मिळून वर्षानुवर्षं त्याचा माग काढला. उष्णता, पाण्याविना चाललेलं कष्टाचं काम आणि शरीर कोरडं पडणं यांच्याकडं बोट गेलं. त्यातून पाणी, सावली आणि विसावा या तीन गोष्टी कामाच्या जागी देण्याचे कार्यक्रम उभे राहिले.

आपल्याकडं २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न पेटला. सरकारनं समिती नेमली. पाळीच्या दिवसांत कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे हिशोबातून कापले जातात, हे तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना पहिल्यांदा कळलं. एकीकडं तिथल्या पुरुषांचं मूत्रपिंड, दुसरीकडं इथल्या बायांचं गर्भाशय. दोन्हीकडं मजुरी कामाच्या मापावर, आणि विसाव्याला किंमत शून्य. हे दोन अभ्यास एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले तर किती काय दिसेल! तुम्ही एकट्या बीडमध्ये बसून ते करू शकत नाही. निकाराग्वातला अभ्यासकही तिथं बसून करू शकत नाही. मजुरांची टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा मुकादम म्हणजे काय, हे त्याला तुमच्याकडूनच कळणार. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बाईचा वेगळा हिशोबच नाही, हेही त्याला तुम्हीच सांगणार.

तुम्ही तिथं घ्यायलाच जाताय असं पत्र वाचून वाटलं, म्हणून आणखी एक सांगते. सेन यांच्या विचारातला गाभ्याचा शब्द आहे केपेबिलिटी. मराठीत आपण त्याला क्षमता म्हणतो आणि तिथंच घोळ होतो. क्षमता म्हटलं की आपल्याला पहिलीच्या मुलाची वाचनक्षमता आठवते. सेन यांना अभिप्रेत आहे ती माणसाला खरोखर उपलब्ध असलेली मोकळीक. त्यांचं नेहमीचं उदाहरण उपवास करणाऱ्याचं आणि उपाशी राहणाऱ्याचं. दोघांच्याही पोटात अन्न नाही, पण एकाला जेवायची मुभा होती, दुसऱ्याला नव्हती. आपल्या भाषेत उपास आणि उपासमार हे शब्दच वेगळे आहेत, त्यामुळं मराठी विद्यार्थ्याला हे उदाहरण चटकन कळतं.

पण त्याहून नेमकी जोडी मला एका बाईच्या तोंडी सापडली. माजलगावकडच्या एका टोळीतल्या बाईला मी विचारलं होतं, शिवणकाम येतं का? ती म्हणाली, "येतंय की. पण जमत न्हाई." मशीन गावी कुलपात, ती सहा महिने फडात. येणं आणि जमणं. येणं हे तिच्या हातात आहे, जमणं तिच्या परिस्थितीच्या हातात. सेन ज्या फरकासाठी पानंच्या पानं लिहितात, तो या बाईनं चार शब्दांत सांगितला. तुमच्या बहिणीला अभ्यास येत होता, शाळा जमली नाही. या दोन क्रियापदांवर तुम्ही निबंध लिहिलात तर त्या संघटनेतल्या कुणालाही ते रडगाणं वाटणार नाही. मी सांगते तुम्हाला, ते वह्या काढतील.

इंग्रजीचं म्हणाल, तर घशाला कोरड मलाही पडली होती. मी निबंध लिहून नेला, घरी मोठ्यानं दहा वेळा वाचला आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी सरळ सांगितलं की सावकाश बोला. जपानी, ब्राझिलियन, इटालियन, कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नव्हती, सगळे सावकाश बोलत होते. तुम्ही आधी प्रश्न मराठीत पक्का करा. मराठीत धूसर असलेला मुद्दा इंग्रजीत गेल्यावर स्पष्ट होत नाही, फक्त धूसरपणा झाकला जातो.

आणि घरची गोष्ट परक्यांपुढं कशी मांडू, असं वाटेल तेव्हा एक तारीख आठवा. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विषय त्यांच्या स्वतःच्या जगण्यातला होता. त्यांनी तो जातीची यंत्रणा कशी चालते, ती कशी निर्माण झाली आणि कशी वाढली, या रीतीनं मांडला. तेच पुढं १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढायला आले, आणि आपल्या मागच्या दोन पिढ्या त्यातून शिकल्या. सोसलेलं सांगणं आणि सोसलेल्याची यंत्रणा उलगडून दाखवणं, यातलं दुसरं म्हणजे संशोधन. तुम्हाला पहिलं आयतं मिळालंय, दुसरं शिकायचं आहे. ते शिकायला अशा संघटनेसारखी जागा नाही.

पैशाकडं वळते. इथं वर्गणी सगळ्यांना सारखी नसते, कमी उत्पन्नाच्या देशांतल्यांना आणि विद्यार्थ्यांना ती कमी असते. आधी दर बघा, मग भावाशी बोला. नियतकालिक वाचायला मिळतं, त्यातच मला वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटते. पहिल्या वर्षी परिषदेचा खर्च अंगावर घेऊ नका. सदस्य व्हा, गटात नाव घाला, वाचा, दोघा-तिघांना पत्र लिहा. निबंधाचा सारांश स्वीकारला गेला तर मग प्रवासखर्चाचं बघू. आयोजकांकडं मदत मागायला लाजू नका, आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडंही परदेशातल्या परिषदेसाठी अर्ज करता येतो, तिच्या ताज्या सूचना पाहत राहा. कर्ज काढून मात्र जायचं नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कामाला जाणं आपल्या घरांनी पुष्कळ केलंय.

खरं तर पैसे दुसरीकडं वाया जातात. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आपल्याकडं बॅनरवर फार स्वस्त झालाय. उद्घाटनाला दोन तास, निबंधवाचनाला प्रत्येकी तीन मिनिटं, मग जेवण आणि प्रमाणपत्र. वर पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिकं. नोकरीच्या मध्याला मीही अशा एका ठिकाणी पैसे भरून निबंध छापून घेतला. जसा पाठवला तसा आला, एक शब्दही कुणी बदलला नव्हता. तेव्हा आनंद झाला. पुढं एका खऱ्या नियतकालिकाकडून माझा निबंध अडीच पानांच्या शेऱ्यांसह परत आला, तेव्हा उमगलं की आधीचा कुणी वाचलाच नव्हता. ते शेरे मी अजून जपून ठेवलेत. आपलं लिहिणं कुणीतरी इतकं मन लावून वाचलं, याचं मोल मी पैशात करू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी आणली होती, २०२५ मध्ये ती बंद झाली. म्हणजे खरं-खोटं ओळखायचं काम आता आपल्यावरच आलंय. माझी ओळखायची खूण साधी आहे. जिथं नकार मिळू शकतो, ती जागा खरी.

नोकरी मिळेल का? नाही. सदस्यत्वानं जागा भरती होत नाही, सेट-नेट सुटत नाही, तासिकांचे थकलेले पैसे मिळत नाहीत. हे स्वच्छ सांगते, कारण या आशेनं गेलात तर वर्षभरात कडवट व्हाल. शिवाय या जगातही दबदबा श्रीमंत विद्यापीठांचाच आहे. व्हिसा, तिकीट, ग्रंथालय या तिन्ही बाबतींत त्यांचं पारडं जड. आपल्याकडचे काही हुशार लोक तिथं जाऊन त्यांचे शब्द घेऊन आले आणि मग वाडी-तांड्यावर जायचंच सोडून दिलं, तेही मी पाहिलंय. तुम्ही तसं करू नका. तिथं जे वाचाल ते महिन्याला एक रविवार चार-पाच जणांना मराठीत सांगा. अंबाजोगाईला, बीडला, कुठंही. मराठीत सांगताना जे अडेल, तिथंच नवं काही सापडतं.

गाईड सरांशी वाद घालू नका. त्यांना संघटनेच्या नियतकालिकातला तुमच्या विषयाजवळचा एक निबंध छापून द्या आणि म्हणा, सर, हे वाचून माझं दुसरं प्रकरण कुठं सुधारू? परवानगी मागितली की लोक विचारात पडतात, सल्ला मागितला की सोबत येतात.

राहिली आई. तुमच्या पत्रात सगळ्यांत जड वाक्य तिच्याविषयीचं आहे. तिची गोष्ट लिहायची की नाही हे ठरवायचा अधिकार तुमच्या गाईडला नाही, मला नाही आणि एकट्या तुम्हालाही नाही. तिला विचारा. काय लिहिणार, कोण वाचणार, नाव राहील की बदलाल, सगळं तिला कळेल अशा शब्दांत सांगा. ती नाही म्हणाली तर तिला वगळून लिहा, विषय तेवढ्यानं मरत नाही. हो म्हणाली तर लिहिलेलं तिला वाचून दाखवा, आणि ती जिथं थांबवेल तिथं थांबा.

दसरा झाला की टोळी निघेल. त्याआधी एक संध्याकाळ काढा, वही घेऊन तिच्याजवळ बसा आणि तिच्या आयुष्यात 'येत होतं पण जमलं नाही' असं काय काय आहे ते विचारा. मध्ये बोलू नका. सारांश त्यानंतर लिहा, मराठीत, एका पानाचा. मला पाठवा, मी शेरे मारून परत करते.

तुमची,
सदरलेखिका, परभणी